पिस्तूल, सरावाचे

नेमबाजीच्या प्राथमिक शिक्षणासाठी वापरण्यात येणारे, अल्प प्रत्याघाताचे, साध्या रचनेचे व तुलनेने कमी किंमतीचे, एका किंवा दोन्ही हातांनी धरून झाडण्याचे शस्त्र. यात मुख्यत्वे ०·२२ इंच (सु. ५·६ मिमी.) व्यासाची रिमफायर काडतुसे वापरणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे आणि ४·५ मिमी. व्यासाची हवाई पिस्तुले यांचा समावेश होतो. लष्करी, पोलिसी वा स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांहून यांचा हेतू वेगळा आहे. लक्ष्याचा विध्वंस करण्याऐवजी नेमबाजाच्या हाताला, डोळ्याला आणि बोटाला वळण लावणे हे त्यांचे कार्य होय. नवशिक्याने आरंभीच महाग शस्त्र घ्यावे की स्वस्त, हा प्रश्न नेमबाजीच्या शिक्षणात वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर रुचीवर अवलंबून नसून यामिकी व शिक्षणशास्त्र यांवर आधारलेले आहे.

शस्त्राची अचूकता व नेमबाजाची चूक : लक्ष्यपटावरील गोळ्यांचे विखुरणे दोन कारणांनी होते. पहिले कारण शस्त्र व काडतूस यांचा अंगभूत दोष, तर दुसरे नेमबाजाच्या हाताची अस्थिरता. ही दोन्ही कारणे परस्परांवर अवलंबून नसल्याने त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. नवशिक्याच्या हातून २५ मी. अंतरावर होणारे विखुरणे ३० सेंमी. आणि स्वस्त पिस्तुलाचे अंगभूत विखुरणे ५ सेंमी. मानले, तर एकूण विखुरणे सु. ३०·४ सेंमी. येते. त्याच नवशिक्याला अंगभूत विखुरणे केवळ २ सेंमी. असलेले उत्कृष्ट पिस्तूल दिले, तर ते सु. ३०·१ सेंमी. होते. म्हणजे कित्येक पट अधिक किंमत मोजूनही सुधारणा अवघी ३ मिमी. होते. पुढे सरावाने नेमबाजाचे स्वतःचे विखुरणे ८ सेंमी.पर्यंत खाली आले, की हीच आकडेवारी अनुक्रमे सु. ९·४ व ८·२ सेंमी. अशी होते. २५ मी. अचूकता-स्पर्धेच्या लक्ष्यपटावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५ सेंमी. असल्यामुळे या अवस्थेत सव्वा सेंमी.चा फरक गुणांवर परिणाम करू लागतो. तात्पर्य, उत्तम शस्त्राचे मोल नेमबाजाच्या प्रगतीबरोबर वाढत जाते. आरंभी ते जवळजवळ नसते.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक माशी व खाच यांच्या जुळणीत होते. पुढची माशी मागच्या खाचेच्या मध्यभागी, समपातळीत दिसली पाहिजे. या दोहोंतील अंतर १५० मिमी. असता माशी केवळ १ मिमी.ने कलली, तर १० मी.वर गोळी सु. ६७ मिमी. दूर जाते. हे अंतर २२० मिमी. असल्यास तीच चूक सु. ४५ मिमी. होते आणि खिशात मावणाऱ्या, १०० मिमी. अंतराच्या आखूड पिस्तुलात ती १०० मिमी. होते. याउलट जुळणी बिनचूक ठेवून संपूर्ण हात ५ मिमी. बाजूला सरकला, तर गोळीही केवळ ५ मिमी.च सरकते. म्हणून हाताचे हलणे सोसावे, पण माशी कलू देऊ नये, असे शिक्षक सांगतात. याच कारणासाठी सरावाचे पिस्तूल स्वस्त असले, तरी आखूड नसावे.

प्रत्याघात : गोळी पुढे जाताना शस्त्र मागे ढकलले जाते. ०·२२ लाँग रायफल काडतुसाची गोळी सु. २·६ ग्रॅ. वजनाची असते आणि पिस्तुलातून सु. ३०० मी. प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते. ९ मिमी. लष्करी काडतुसाची गोळी सु. ८ ग्रॅ. व वेग सु. ३५० मी. असतो. दोन्ही शस्त्रे १ किग्रॅ. वजनाची मानली आणि वायूंचा वाटा सोडून दिला, तर पहिले शस्त्र सु. ०·८ मी. व दुसरे २·८ मी. प्रतिसेकंद वेगाने मागे येते. त्यांच्या प्रत्याघाताची ऊर्जा अनुक्रमे सु. ०·३ व ३·९ जूल म्हणजे तेरापट भरते. या धक्क्याची व आवाजाची धास्ती घेतलेला नवशिक्या चाप ओढण्याच्या क्षणीच दचकतो, मनगट खाली दाबतो व डोळे मिटतो. गोळी सुटण्यापूर्वीच नेम बिघडतो. ही दचक एकदा अंगवळणी पडली, की ती घालविण्यास शिकण्याहून अधिक काळ लागतो. मोठ्या शस्त्राने आरंभ केलेल्या अनेकांची प्रगती येथेच खुंटते. लहान काडतुसाचे सर्वांत मोठे शैक्षणिक मूल्य हे, की त्यामुळे दचक मुळातच लागत नाही.

काडतूस व खर्च : रिमफायर काडतुसात प्रस्फोटक द्रव्य बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. आघातदांडा या कडेवर आपटताच ते पेटते. या प्रकारचे लहान काडतूस फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास प्रचारात आणले. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८५७ मध्ये ०·२२ शॉर्ट काडतूस व त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. आज सर्वाधिक प्रचलित असलेले ०·२२ लाँग रायफल काडतूस १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने तयार केले. पातळ पितळी नळकांडे, अल्प दारू व शिशाची लहान गोळी यांमुळे ते स्वस्त पडते. अमेरिकेच्या बाजारात त्याची किंमत ९ मिमी. काडतुसाच्या साधारणतः एक-तृतीयांश वा त्याहूनही कमी असते.

शस्त्राची किंमत एकदाच द्यावी लागते, काडतुसांची मात्र सतत. आठवड्याला १०० गोळ्या झाडणाऱ्यास वर्षाला ५,२०० काडतुसे लागतात, आणि थोड्याच काळात काडतुसांचा खर्च पिस्तुलाच्या किंमतीला मागे टाकतो. ठराविक रकमेतून महाग पिस्तूल व थोडी काडतुसे घेण्यापेक्षा साधे पिस्तूल, पुष्कळ काडतुसे, कानांची व डोळ्यांची संरक्षक साधने आणि शिक्षकाचे शुल्क यांची तरतूद करणे हितावह ठरते. या काडतुसाचे दोषही लक्षात घ्यावे लागतात. प्रस्फोटक द्रव्य कडेत सर्वत्र सारखे पसरले नसल्यास ते पेटत नाही. रिकामे नळकांडे पुन्हा भरून वापरणे व्यवहार्य नसते, आणि मेणचट शिशाच्या गोळ्यांमुळे यंत्रणा लवकर मळते.

इतिहास : सरावाच्या पिस्तुलांचा विकास प्रामुख्याने अमेरिकेत व यूरोपात झाला. जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीने १९१५ मध्ये ०·२२ चे स्वयंभरण पिस्तूल काढले. १९२७ पासून ते ‘वुड्समन’ या नावाने ओळखले जाऊ लागले व १९७७ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. ते अचूक व देखणे होते. परंतु पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेल्या भागांमुळे महाग पडे.

स्वस्त व उत्तम यांची सांगड घालणारे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे ‘रूगर स्टँडर्ड’ पिस्तूल. विल्यम रूगर व अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये सु. ५०,००० डॉलर भांडवलावर कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट येथे कंपनी स्थापन केली. त्यांच्या पहिल्या पिस्तुलाची किंमत ३७·५० डॉलर होती. मुठीचा सांगाडा कोरून काढण्याऐवजी दाबयंत्रावर ठोकलेल्या पत्र्याचे दोन अर्ध एकत्र वितळजोड करून बनविण्यात आला. वरचा भाग साध्या पोलादी नळीचा असून त्यात वृत्तचितीच्या आकाराचा खटका मागेपुढे सरकतो. याच रचनेमुळे माशी व खाच ही दोन्ही न हलणाऱ्या भागावर बसविता आली. पिस्तूल झाडताना त्यांचे परस्परस्थान बदलत नसल्याने स्वस्ताईबरोबर अचूकताही साधली. म्हणजे काटकसर जेथे केली तेथे ती नेमबाजाला बाधक ठरली नाही. नळी, चाप व दर्शनसाधने यांत मात्र ती केलेली नव्हती. १९५१ मध्ये याच पिस्तुलाची, सरकती खाच असलेली लक्ष्यवेधी आवृत्ती निघाली, आणि १९८२ नंतर सुधारित आवृत्त्या क्रमाने येत गेल्या. सुटे करून पुन्हा जोडण्याची किचकट पद्धत हा या पिस्तुलाचा जुना दोष २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत दूर झाला. तथापि सुरक्षा-कळ अर्धवट स्थितीत असता गोळी सुटण्याचा संभव आढळल्याने कंपनीने २०१७ मध्ये या आवृत्तीची आधी विकलेली पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागविली. निर्मात्याच्या अशा सूचनांकडे लक्ष ठेवणे हे शस्त्रधारकाचे कर्तव्य ठरते.

सोव्हिएट रशियात मिखाईल मार्गोलिन (१९०६–७५) याने दुसऱ्या महायुद्धानंतर सिद्ध केलेले ०·२२ चे पिस्तूल तेथील क्रीडासंस्थांमधून हजारो विद्यार्थ्यांनी वापरले व अनेक देशांत निर्यातही झाले. मार्गोलिन तरुणपणीच अंध झाला होता. निरनिराळ्या भागांचे आकार तो मऊ द्रव्यात घडवून, बोटांनी चाचपून ठरवीत असे. साधा सांगाडा, दर्शनसाधनांतील अधिक अंतर व हलका चाप ही या पिस्तुलाची वैशिष्ट्ये होत.

स्वस्ताईचे दोन प्रकार : अल्प किंमत रचनेतील कौशल्यामुळे येऊ शकते, तशीच ती निकृष्ट द्रव्य व ढिसाळ जुळणी यांमुळेही येते. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात आखूड, हलक्या व अत्यंत स्वस्त पिस्तुलांचा सुळसुळाट झाला. ‘सॅटरडे नाइट स्पेशल’ या तुच्छतादर्शक नावाने ती ओळखली जात. १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने क्रीडाप्रयोजनास अयोग्य अशा पिस्तुलांच्या आयातीवर निर्बंध घातले. परंतु देशांतर्गत उत्पादन त्यात न आल्याने जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव सांगाडे असलेली पिस्तुले तेथेच बनू लागली. अशा पिस्तुलांची माशी नाममात्र, चाप जड व ओबडधोबड आणि आयुष्य अल्प असते. शिकण्यासाठी ती निरुपयोगी होत, कारण नेम चुकला तो हातामुळे की शस्त्रामुळे, हे नवशिक्यास कळत नाही. दुसरीकडे, या पिस्तुलांविरुद्धच्या मोहिमेमुळे अल्प उत्पन्नाच्या लोकांचाच शस्त्राधिकार हिरावला जातो, असा आक्षेपही घेतला गेला. स्वस्त शस्त्र सहज उपलब्ध झाल्याने गुन्हे व आत्महत्या यांना वाव मिळतो, हा प्रतिवादही तितकाच आग्रहाने मांडला जातो. या वादाचा निर्णय काहीही लागो, सरावाचे पिस्तूल व लपवून नेण्याचे पिस्तूल या भिन्न वस्तू आहेत, हे स्पष्ट आहे.

निवड : सरावाच्या पिस्तुलात पुढील गुण असावेत : (१) पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखी वागणारी यंत्रणा, (२) फार जड नसलेला व ठराविक जागी एकदम सुटणारा चाप, (३) स्पष्ट माशी व शक्यतो सरकविता येणारी खाच, (४) हाताच्या मापाची मूठ व चापापर्यंत सहज पोहोचणारे बोट, (५) सुटे भाग व दुरुस्तीची सोय. चौथ्या गुणाची विशेष उपेक्षा होते. लहान हाताच्या मुलांना व स्त्रियांना मोठ्या मुठीचे शस्त्र दिल्यास चाप ओढताना नळी एका बाजूस ढकलली जाते, आणि हा दोष त्यांच्या अंगी असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. डावखुऱ्यांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते.

रिव्हॉल्व्हर व स्वयंभरण पिस्तूल यांपैकी पहिल्याची क्रिया डोळ्यांना दिसते. फिरता पंचपात्रीसारखा गोल बाहेर काढला, की त्यात काडतुसे आहेत की नाहीत, हे तत्काळ कळते. स्वयंभरण पिस्तुलात मॅगझीन काढून घेतले, तरी एक काडतूस नळीच्या मागील कोठीत राहू शकते. अनेक अपघात या एका अज्ञानातून घडले आहेत. वापरलेले शस्त्र विकत घेतल्यास स्वस्त पडते, परंतु नळीतील आटे, कोठीचे तोंड, सुरक्षा-कळ व चाप यांची तपासणी जाणकाराकडून करवून घेणे आवश्यक असते.

हवाई पिस्तूल : ज्या देशांत अग्निशस्त्रांवर कडक नियंत्रण आहे, तेथे आरंभीचे शिक्षण हवाई पिस्तुलावर दिले जाते. सु. ०·५ ग्रॅ. वजनाचा शिशाचा छर्रा सु. १५० मी. प्रतिसेकंद वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा सु. ६ जूल असते. तरफ एकदाच दाबून हवा संपीडित करण्याच्या प्रकारात स्प्रिंगचा धक्का नसतो, टाकी भरण्याची साधने लागत नाहीत व अचूकता उच्च असते. रशियातील इझेव्हस्क येथे बनलेले ‘इझ-४६’ हे या प्रकारचे साधे पिस्तूल अल्प किंमतीत स्पर्धेच्या दर्जाची अचूकता देणारे म्हणून प्रसिद्धीस आले. छर्रा सावकाश नळीबाहेर पडत असल्याने चाप ओढल्यानंतरही क्षणभर हात स्थिर ठेवावा लागतो. ही सवय पुढे सर्व प्रकारांत उपयोगी पडते. १० मी. हवाई पिस्तूल स्पर्धा १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून ऑलिंपिक कार्यक्रमात आहे. तिच्या नियमांनुसार पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅ.पेक्षा अधिक व चाप सुटण्याचा भार ५०० ग्रॅ.पेक्षा कमी असू नये. लक्ष्यपटावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११·५ मिमी. असतो.

शिक्षणक्रम : प्रथम उभे राहण्याची ठेवण, मूठ व श्वासाचे नियंत्रण शिकविले जाते. त्यानंतर काडतुसाविना सराव येतो. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे खोलीबाहेर ठेवून, कोऱ्या भिंतीसमोर माशी न हलविता चाप ओढण्याचा हा अभ्यास आहे. त्यास काही खर्च येत नाही, आणि अनुभवी नेमबाजही तो नित्य करतात. मात्र अनेक रिमफायर पिस्तुलांत आघातदांडा कोठीच्या कडेवर आपटून खाच पडते. म्हणून निर्मात्याच्या सूचना पाहाव्यात किंवा निकामी प्लॅस्टिक काडतूस वापरावे. प्रत्यक्ष गोळीबार कोऱ्या कागदावर जवळच्या अंतरावरून सुरू करतात, कारण काळे वर्तुळ समोर असले की नवशिक्याची नजर माशीवरून लक्ष्याकडे घसरते. दचक ओळखण्यासाठी शिक्षक काडतुसांमध्ये न कळत एखादे निकामी काडतूस मिसळतो. घोडा पडूनही गोळी सुटली नाही आणि नळी खाली झुकली, तर दोष आपोआप उघड होतो.

सुरक्षितता : काडतूस लहान व शस्त्र स्वस्त असले, तरी धोका लहान नसतो. ०·२२ ची गोळी एक किमी.हून अधिक अंतर जाऊ शकते व प्राणघातक ठरते. छर्ऱ्यानेही डोळा जातो. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजून वागणे, नळी सदैव सुरक्षित दिशेस ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि लक्ष्यामागे काय आहे हे पाहणे, हे चार नियम सर्वत्र मान्य आहेत. काडतूस न पेटल्यास नळी लक्ष्याकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबावे. आवाज नेहमीपेक्षा मंद आल्यास गोळी नळीत अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरी गोळी झाडणे अत्यंत धोक्याचे असते. या पिस्तुलाचा आवाजही १४० डेसिबेलपेक्षा अधिक असल्याने कर्णरक्षक अनिवार्य ठरतो. शिशाची धूळ व प्रस्फोटकातील शिशाची संयुगे यांमुळे सरावानंतर खाण्यापूर्वी हात धुवावेत आणि बंदिस्त चांदमारीत वायुवीजन पुरेसे असावे. घरात शस्त्र व काडतुसे वेगवेगळी, कुलपात व मुलांपासून दूर ठेवावीत. खरेदीच्या अंदाजपत्रकात कुलपाच्या पेटीचा खर्च धरला नसेल, तर ते शस्त्र स्वस्त म्हणता येणार नाही.

मर्यादा : सरावाचे पिस्तूल सर्व गोष्टी शिकवू शकत नाही. मोठ्या प्रत्याघातानंतर पुन्हा नेम धरण्याचे कौशल्य त्यावर येत नाही. तसेच उच्च स्पर्धांमध्ये हातास तंतोतंत बसविलेली मूठ व सूक्ष्म समायोजनाचा चाप लागतोच. तथापि चापाचे नियंत्रण, माशीवरील लक्ष व शस्त्र हाताळण्याची शिस्त हे तीन संस्कार कोणत्याही पिस्तुलास लागू पडतात.

भारत : भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार अग्निशस्त्रास परवाना लागतो व त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. नळीच्या तोंडाशी २० जूलपर्यंत ऊर्जा व ०·१७७ इंच (४·५ मिमी.) पर्यंत व्यास असलेली हवाई शस्त्रे परवान्याच्या अटीतून मुक्त आहेत. त्यामुळे येथील बहुतेक पिस्तूल-नेमबाजांचा प्रारंभ हवाई पिस्तुलाने होतो. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रताफेरी म्हणून त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरविली जाते. महाराष्ट्रात पुण्याजवळील बालेवाडी क्रीडासंकुलात आधुनिक नेमबाजी-क्षेत्र आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मी. जलद पिस्तूल प्रकारात रौप्यपदक, तर मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मी. हवाई पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले.

स्पर्धेच्या दर्जाची पिस्तुले बहुतांशी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व इटली येथून आयात करावी लागत असल्याने ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणून संस्थेच्या मालकीची पाच-सहा साधी पिस्तुले अनेकांनी आळीपाळीने वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ज्यांचे विखुरणे दहाच्या वर्तुळाजवळ येते, अशांसाठी पुढे स्वतंत्र शस्त्राची सोय केली जाते. या पद्धतीत मोठा खर्च गुणवत्ता दिसून आल्यानंतरच होतो, आणि केवळ पैशाअभावी कोणी चांदमारीच्या दारातून परत जात नाही.